वर्गणीचा डॉक्टर

रंगनाथ बोडके या माणसाने आयुष्यात एकाही गोष्टीवर पहिल्या दमात विश्वास ठेवला नव्हता. बाजारातून आणलेली गवार तो घरच्या काट्यावर पुन्हा तोलायचा. एका पंचांगातली एकादशी दुसऱ्या पंचांगात पाहून घ्यायचा. एवढंच कशाला, चतुराबाईला पाहायला गेला तेव्हा मुलगी लंगडत तर नाही ना, हे कळावं म्हणून त्याने तिला पुन्हा पुन्हा पाणी आणायला लावलं होतं. चतुराबाई ही गोष्ट सगळ्यांना हसून सांगायची. तिने दरवेळी मुकाट्याने पाणी आणलं होतं, म्हणूनच पुढचा संसार झाला.

त्यात नोकरीही अशी लागली की स्वभावाला खतपाणीच मिळालं. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये तो चेकर होता. छापून आलेला कागद उजेडात धरायचा, बोट फिरवायचं, डाग, सुरकुती, पुसट रेघ दिसली की बाजूला काढायचा. निवृत्त होईपर्यंत त्याने दुसरं काही केलं नाही. त्याचा वरचा माणूस मल्हारी म्हणून होता. तो भारी बेरकी. चांगल्या कागदांच्या गठ्ठ्यात मुद्दाम एखादा बिघडलेला कागद सरकवून द्यायचा आणि चेकरला तो सापडतो का, हे लांबून बघत बसायचा. रंगनाथला तो कागद प्रत्येक वेळी सापडला. या गोष्टीचा त्याला एवढा अभिमान होता की निवृत्तीच्या निरोपाच्या भाषणात त्याने तेवढंच सांगितलं आणि खाली बसला.

अशा माणसाच्या गल्लीत, जेलरोडला, सिंहस्थ आटोपल्याच्या पुढच्या वर्षी डॉक्टर हिरामण भोये राहायला आला.

भोये सुरगाण्याकडच्या एका पाड्यातला. शिकून मोठा झाला, गावातल्या काचेच्या हॉस्पिटलात चांगली दहा वर्षं होता. गावातल्या म्हणजे नाशिकातल्या. नाशिकरोडचा माणूस नाशिकला अजून 'गाव'च म्हणतो. तिथली एसी खोली, दारावरची पितळी पाटी, गळ्यातलं कार्ड, सगळं सोडून त्याने पिठाच्या गिरणीशेजारचा गाळा भाड्याने घेतला. आत एक टेबल, एक पलंग, पडदा आणि लताबाई नावाची मदतनीस. इथवर ठीक होतं. नोकरी सोडून दवाखाना काढणारे पुष्कळ असतात. पण या पठ्ठ्याची रीतच न्यारी होती. तपासणीचे पैसे नाहीत. घरटी वर्षाची एकदा वर्गणी द्यायची आणि मग वर्षभर कधीही या, कितीही वेळा या. औषधाच्या कंपनीचा माणूस दवाखान्यात पाऊल टाकणार नाही, कुठल्या लॅबचं किंवा हॉस्पिटलचं कमिशन घेणार नाही, असं त्याने गल्लीतल्या गणपती मंडळाच्या सभेत उभं राहून सांगितलं.

"दर सोमवारी आमची मीटिंग असायची," तो म्हणाला. "कोट घातलेला एक मुलगा विचारायचा, डॉक्टर, या आठवड्यात तुम्ही किती माणसं भरती केली? कोण बरं झालं, हे काही कुणी विचारलं नाही. मग मी बाहेर पडलो. आमच्या पाड्यावर सुईणीला आणि भगताला वर्षाची नागली, म्हणजे नाचणी, मिळायची. कुणी आजारी पडो, न पडो. तसंच हे आहे."

"म्हंजी भगतच म्हणा की!" मागून रंगनाथ बोलला आणि सभा खो खो हसली. डॉक्टरही हसला. त्याचं ते हसणंच रंगनाथला खटकलं. टोमणा बसल्यावर जो माणूस चिडत नाही, त्याचं कुठंतरी पाणी मुरत असतं, हे त्याचं जुनं मत होतं.

तरी त्याने वर्गणी भरली. का भरली? तर आत शिरल्याशिवाय भानगड कळत नाही म्हणून. शेजारच्या सावळीरामला, जो प्रेसमध्ये त्याच्याच टेबलाला होता, त्याने हे गुपित म्हणून सांगितलं, आणि सावळीरामने ते चहाच्या टपरीवर पोचवलं.

मग रंगनाथ दवाखान्यावर नजर ठेवायला लागला. गिरणीत दळण न्यायचं काम त्याने चतुराबाईकडून काढून स्वतःकडे घेतलं. जे दिसलं ते त्याला मुळीच आवडलं नाही. हा डॉक्टर सुई देत नव्हता. ताप आला तरी नाही, अंग दुखलं तरी नाही. सलाईनची बाटली तर त्या दवाखान्यात औषधालाही सापडली नसती. एकेका म्हातारीशी अर्धा अर्धा तास बोलत बसायचा. झोप कशी लागते, सून कशी वागते, मिठाची बरणी कुठं ठेवता! आणि कहर म्हणजे ठणठणीत माणसांना घरी येऊन भेटायचा. बऱ्याच दिवसांत आला नाहीत, म्हणून बघायला आलो, म्हणायचा.

"सावळ्या, तूच सांग," रंगनाथ म्हणाला. "वर्गणी त्याच्या खिशात पडली. आता आपण जितकं कमी जाऊ तितका त्याचा फायदा. मंग हा बोलवायला का येतो?"

"चांगला माणूस असंल," सावळीराम म्हणाला.

"चांगला माणूस फुकट चहा प्यायला येतो. हा चहा पण पीत नाय!"

विचार करकरून त्याने छडा लावला. हा त्या काचेच्या हॉस्पिटलचाच माणूस. नोकरी सोडल्याचं सोंग. गोड बोलून घराघरांत शिरायचं, कुणाला काय होतंय ते हेरायचं आणि गिऱ्हाईक हळूच तिकडे धाडायचं. वर्गणी म्हणजे आवळा, आणि कोहळा तिकडे कापला जाणार. हा हिशेब त्याला इतका पटला की दोन रात्री त्याला छान झोप लागली. आता फक्त पुरावा पाहिजे होता, आणि पुरावा कसा काढायचा हे त्याला मल्हारीने शिकवून ठेवलं होतं. गठ्ठ्यात खोटा कागद सरकवायचा.

खोटा कागद म्हणून त्याने बायकोला निवडलं.

"त्याला म्हण, चक्कर येती. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती," त्याने चतुराबाईला पढवलं. "बाकी काय सांगू नको. बघू, कुठं धाडतो ते."

"मला कुठं चक्कर येती?"

"नाय येत म्हणूनच तर! तुला काहीबी झालेलं नसताना त्यानं हॉस्पिटलचं नाव काढलं, की पकडला."

चतुराबाईने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "बरं. जाते."

दवाखान्यात लताबाईने रंगनाथला पडद्याबाहेरच्या बाकावर बसवलं. आत काय झालं ते त्याला कळलं नाही, पण आपल्याला कळायला हरकत नाही. चतुराबाईने पढवल्याप्रमाणे चक्कर, अंधारी असं सुरू केलं आणि मध्येच थांबली. डॉक्टरने घाई केली नाही. तेव्हा तिने पदर नीट केला आणि खालच्या आवाजात सांगितलं की डाव्या बाजूला, स्तनात, गाठ लागते. दिवाळीपासून. दुखत नाही, पण मोठी होते आहे. हे तिने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. आपण होऊन ती या पायरीवर कधी चढली नसती; नवऱ्याने खोटं बोलायला पाठवलं, म्हणून तिला खरं बोलायला जागा मिळाली.

डॉक्टरने लताबाईला जवळ उभं करून तपासलं. त्याचा चेहरा गंभीर झाला. लगेच तपासणी करायला हवी, काकांना मी समजावतो, असं तो म्हणाला, तर चतुराबाईने हात जोडले. "तुम्ही नका सांगू. माझं मीच सांगते. तुम्ही सांगितलं तर त्यास्नी खरंच वाटायचं नाय."

बाहेर येऊन डॉक्टर एवढंच म्हणाला, "काका, मावशींची एक तपासणी करावी लागेल. मोठ्या दवाखान्यात. उद्या-परवाच जाऊ, मी स्वतः बरोबर येतो. कशाची, ते मावशी तुम्हाला सांगतील."

रंगनाथच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मोठ्या दवाखान्यात! वर स्वतः बरोबर येतो! बिघडलेला कागद याने चांगला म्हणून पुढे ढकलला होता. तो टाचा उंचावत घरी आला आणि वाटेत भेटेल त्याला सांगत आला.

त्या संध्याकाळी चतुराबाईने भाकरी थापता थापता विषय काढला. "अहो, मला जरा खरंच काहीतरी होतंय. डॉक्टर म्हणाले—"

"पढवलं वाटतं त्यानं तुला!" रंगनाथ आनंदाने ओरडला. "बघ, बघ, कसं असतंय यांचं. तासाभरात माझ्या बायकोला माझ्यावर उलटवली! अगं, तुला काय होतंय? सकाळी माझ्यासमोर पाण्याचा हंडा उचलला तू."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. दुसरी थापायला घेतली. ती रागावली असती तर त्याने काहीतरी ओळखलं असतं, पण ती रागावलीही नाही. आपलं खरं या घरात कुठल्या काट्यावर तोलून दाखवायचं, हे तिला कळेना.

डॉक्टर पुन्हा फिरकेल आणि बायकोचे कान भरेल, या धास्तीने रंगनाथने दुसऱ्याच दिवशी तिला वणीला तिच्या बहिणीकडे, बयाबाईकडे पोचवून दिलं. देवीची चैत्राची यात्रा तोंडावर होती, बहिणीच्या नारळ-ओटीच्या दुकानाला हात हवाच होता, निमित्त आयतं मिळालं. डॉक्टर दारात आला तेव्हा रंगनाथने उंबऱ्यातूनच सांगितलं, बाहेरगावी गेलीय.

"कुठे?"

"तुम्हाला काय करायचंय?"

डॉक्टर दोन दिवसांनी पुन्हा आला. मग पुन्हा. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा दवाखाना बंद करून. रंगनाथ प्रत्येक फेरी सावळीरामला दाखवायचा. "बघ, गिऱ्हाईक हातचं गेलं म्हणून कसा तडफडतोय." गल्लीतही कुजबुज वाढली. दोन घरांनी वर्गणी परत मागितली आणि डॉक्टरने ती निमूट दिली. परत दिली म्हणजे चोरीच कबूल केली, असं सगळ्यांनी धरलं.

यात्रा झाली, उन्हं तापली, तरी रंगनाथने बायकोला आणलं नाही.

शेवटी एके सकाळी डॉक्टरने त्याला गिरणीपाशी गाठलं. डोक्यावर पिठाचा डबा असलेल्या रंगनाथला त्याने हाताला धरून बाजूला नेलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, मी मावशींना शब्द दिला होता, पण आता मोडतो. त्यांच्या स्तनात गाठ आहे. लक्षणं चांगली नाहीत. एक एक दिवस महत्त्वाचा आहे."

रंगनाथने डबा खाली ठेवला. क्षणभर त्याला भाकरी थापणारी चतुराबाई आठवली, हे खरं. पण डोकं त्याहून जलद चाललं. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी एवढे दिवस काढले!

"ऐका रे, ऐका सगळे!" तो मोठ्याने म्हणाला. "माझ्या बायकोला गाठ झालीय म्हणतो हा! अहो डॉक्टर, तिला काही झालेलं नाय. चक्कर पण येत नव्हती. मीच पढवून पाठवली होती तुम्हाला पकडायला!"

गिरणीवाला हसला, दळणाला आलेल्या बायाही हसल्या. सावळीराम मात्र हसला नाही, तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होता. डॉक्टर लाल झाला नाही की ओशाळला नाही. तो फक्त म्हणाला, "काका, चक्कर खोटी होती हे मला माहीत आहे. मावशींनीच सांगितलं. त्या कुठे आहेत तेवढं सांगा, मी गाडी घेऊन जातो."

रंगनाथने सांगितलं नाही. पण घरी आल्यावर त्याला स्वस्थ बसवेना. चक्कर खोटी होती हे याला माहीत होतं? मग पकडलं कोणी कुणाला? तो स्वतःची समजूत घालत राहिला की जाऊन बायकोलाच घेऊन येऊ, गल्लीत उभी करू, तिच्याच तोंडून वदवू, की झालं. पुरावा आणायला म्हणून तो एसटीत बसला. दिंडोरीपर्यंत त्याला आपलं म्हणणं पटत होतं. दिंडोरी गेली आणि पटेनासं झालं.

वणीला बयाबाईच्या घरी चतुराबाई ओसरीवर बसून हळदी-कुंकवाच्या पुड्या बांधत होती. यात्रा संपून आठवडे झाले होते, तरी बांधत होती. गालफडं बसली होती. महिनाभरात माणूस एवढं उतरतं, की ते आधीच उतरलेलं होतं आणि आपण पाहिलं नव्हतं, हे रंगनाथला ठरवता येईना. त्याने डॉक्टर काय म्हणाला ते सांगितलं आणि विचारलं, "खोटं हाये ना?"

"खरं हाये."

"मला का नाय सांगितलं?"

"सांगत होते की. तुम्ही म्हणाला, पढवलंय." तिने पुडीला दोरा गुंडाळला. "डोकं दुखतंय म्हटलं तर तुम्ही आधी कपाळाला हात लावून बघता. तीस वर्षं बघताय. गाठ हाये म्हटलं असतं तर काय केलं असतं?"

बयाबाई घरात निघून गेली. चतुराबाईने त्याचा हात धरला, पदराखाली नेला आणि ठेवला.

"घ्या. बघा तपासून. तुमचं कामच ते."

ज्या बोटांना कागदातली केसाएवढी सुरकुती कळायची, त्यांना काय कळायचं ते एका स्पर्शात कळलं. ती गाठ लिंबाएवढी होती आणि दगडासारखी कडक. त्याने हात काढला नाही. तिथंच, भरदिवसा, बयाबाईच्या ओसरीवर तो ओक्साबोक्शी रडायला लागला आणि चतुराबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आजारी ती होती, पण समजूत त्याची काढावी लागली.

एसटीडीच्या बूथवरून त्याने डॉक्टरला फोन केला. भोये दीड तासात गाडी घेऊन वणीत हजर झाला. आल्यावर "मी सांगत होतो" असा एक शब्द नाही. गाडी त्याने काचेच्या हॉस्पिटलकडे नेली नाही. एका ट्रस्टच्या जुन्या दवाखान्यात नेली, जिथल्या सर्जन बाई त्याच्या विश्वासातल्या होत्या. आता सवय कुठं जाते? भोये काउंटरवर कुणाशी काय बोलतो, कुणी त्याच्या हातात काही सरकवतं का, हे रंगनाथ तिथंही चोरून बघत होता. भोये काउंटरवर भांडत होता, तेही बिल कमी करा म्हणून. रंगनाथला स्वतःची इतकी लाज वाटली की तो बाहेर जाऊन चपलांच्या रांगेपाशी उभा राहिला.

ऑपरेशन झालं. सर्जन बाईंनी सांगितलं की गाठ निघाली, पण काखेतही थोडं पसरलं होतं. आता औषधं द्यावी लागतील, केस जातील, पुढचं वर्षभर जपायचं, मग बघू. बघू म्हणजे काय, हे विचारायचं धाडस रंगनाथला झालं नाही. त्याच्या डोक्यात दुसराच प्रश्न घर करून बसला होता. काखेत ते कधी पसरलं? दिवाळीनंतर, की बायको वणीला पुड्या बांधत होती तेव्हा?

त्याने भोयेला जिन्यात गाठलं. "डॉक्टर, खरं सांगा. मी तिला वणीला ठेवली नसती, त्याच दिवशी आणली असती, तर हे एवढं झालं असतं का?"

भोये जिन्याच्या पायरीवर थांबला. "नाही काका. दिवाळीपासूनचं होतं ते. त्या चार-पाच आठवड्यांनी काही फरक पडला नाही."

"आन् तुम्हीच म्हणाला होता, एक एक दिवस महत्त्वाचा."

"ते तुम्ही निघावं म्हणून म्हणालो."

रंगनाथने त्याच्या चेहऱ्याकडे रोखून पाहिलं. जन्मभर ज्या नजरेने पाहिलं त्याच नजरेने, कपाळापासून हनुवटीपर्यंत. कुठं डाग नाही, कुठं रेघ पुसट नाही. आणि तरी जीव थाऱ्यावर येईना. हा माणूस पैशासाठी खोटं बोलणार नाही, एवढं आता त्याला कळून चुकलं होतं. पण एका म्हाताऱ्याला रात्रीची झोप लागावी म्हणून हा खोटं बोलेल की नाही? बोलेल. हा नक्की बोलेल.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा विचारलं. भोयेने पुन्हा तेच सांगितलं, त्याच शांतपणे. तिसऱ्या दिवशी भोये चतुराबाईची पट्टी बघायला आला होता, तेव्हा खाटेजवळ उभं राहून रंगनाथने तिसऱ्यांदा विचारलं. भोयेने न कंटाळता उत्तर दिलं आणि तो सर्जन बाईंना भेटायला निघून गेला.

चतुराबाईने डोळे उघडले.

"अहो," ती म्हणाली, "त्यांनी काय सांगितलं म्हणजे तुम्हाला खरं वाटंल?"

रंगनाथ खाटेच्या कडेवर बसला. सवयीने तिच्या कपाळाकडे नेलेला हात त्याने मध्येच वळवला आणि तिची चादर नीट केली.